४० सूचना आणि कुणीच न केलेली बेरीज : विंटरबोर्न व्ह्यू प्रकरण

स्थानिक परिषदेच्या (कौन्सिलच्या) सेफगार्डिंग विभागाकडे, म्हणजे असहाय प्रौढांना छळापासून जपणाऱ्या खात्याकडे, ४० सूचना. पोलिसांकडे २९ घटना. जवळच्या रुग्णालयांच्या अपघात विभागात ७५हून जास्त खेपा. हे सगळे आकडे एकाच इमारतीचे, २००८ ते २०११ या साधारण साडेतीन वर्षांतले. त्या इमारतीत खाटा होत्या फक्त २४.

यातली एकही नोंद लपवलेली नव्हती. ज्याच्याकडे जे आलं ते त्यानं लिहून घेतलं, क्रमांक दिला, जमेल तशी कारवाई केली आणि फाइल बंद केली. तिन्ही वह्या एका टेबलावर एकत्र उघडल्या गेल्या त्या मात्र ३१ मे २०११च्या रात्रीनंतर, म्हणजे बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात सगळ्या ब्रिटननं तिथलं चित्रण पाहिल्यावर.

प्रौढ माणसांच्या छळाचं किंवा हेळसांडीचं गंभीर प्रकरण आढाव्यासाठी केव्हा पाठवायचं, असं इंग्लंडमध्ये केअरच्या कामात असलेली मराठी मंडळी अनेकदा विचारतात. उत्तर म्हणून कायद्याचं कलम वाचून दाखवता येतं. पण कलम कोरडं असतं. हे प्रकरण उलगडून पाहिलं की ते कलम तसं का लिहिलं गेलं हेही कळतं आणि आढाव्याचा अर्ज लिहिताना पेन कुठे थांबवायचं हेही.

जागा

ब्रिस्टल शहराला लागून साउथ ग्लॉस्टरशायर हा भाग आहे. तिथल्या हॅम्ब्रुक गावाजवळ डिसेंबर २००६ मध्ये विंटरबोर्न व्ह्यू हे खासगी रुग्णालय सुरू झालं. मालक कासलबेक ही कंपनी. बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या आणि ज्यांचं वागणं सांभाळायला अवघड जातं अशा प्रौढांची तपासणी करायची, उपचार करायचे आणि त्यांना परत घराकडे पाठवायचं, असं कागदावर लिहिलेलं होतं. एका माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड मिळत, आणि ते सरकारी आरोग्यसेवेच्या तिजोरीतून येत.

‘तपासणी आणि उपचार’ म्हटलं की दोन-चार महिन्यांचा मुक्काम डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात सरासरी मुक्काम १९ महिन्यांचा होता. सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत एकूण ४८ माणसं तिथे राहून गेली. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश माणसं मानसिक आरोग्य कायद्याखाली दाखल झालेली होती, म्हणजे उठून बाहेर पडायची मुभा त्यांना नव्हती. निम्म्याच्या आसपास माणसं घरापासून दूर ठेवलेली. त्यांना पाठवणारी आरोग्यसेवेची कार्यालयं निरनिराळ्या जिल्ह्यांतली. कुणी एक माणूस पाठवलेला, कुणी दोन. ‘या रुग्णालयाकडे आमच्या सर्वांच्या वतीनं कोण लक्ष ठेवणार?’ हे ठरलेलंच नव्हतं. बारा गावचे बारा पाहुणे आणि यजमान कुणीच नाही, असा मामला.

नातेवाईक भेटायला येत, पण त्यांना वरच्या मजल्यावर, आपल्या माणसाच्या खोलीत जाऊ दिलं जात नसे. मला या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची खूण हीच वाटते. घरचं माणूस राहतं ती खोली बघायची नाही म्हणतात, त्या जागेबद्दल कुणालाही संशय यायला दुसरं कारण लागू नये.

ऑक्टोबर ते मे

२०१० मध्ये टेरी ब्रायन हे अनुभवी वरिष्ठ नर्स तिथे रुजू झाले. तिथे जे दिसलं त्यानं ते हादरले. ११ ऑक्टोबर २०१०ला त्यांनी व्यवस्थापकाला सविस्तर ई-मेल लिहिला : कर्मचारी रुग्णांशी कसे बोलतात, कसे डिवचतात, कशी जबरदस्ती करतात. तो ई-मेल कंपनीत वर गेला, परिषदेच्या सेफगार्डिंग विभागाला कळला आणि तिथून केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी या देशव्यापी नियामकापर्यंतही पोहोचला. ब्रायन यांनी सीक्यूसीशी स्वतःहूनही संपर्क साधला, एकदा नव्हे, अनेकदा. कुणी त्यांना उलट फोन करून ‘या, बसा, सांगा’ म्हटलं नाही. या विषयावर बैठक भरायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर ब्रायन नोकरी सोडून गेले होते.

शेवटी ते बीबीसीकडे गेले. ‘पॅनोरमा’चा एक वार्ताहर सपोर्ट वर्कर, म्हणजे रुग्णांची रोजची देखभाल करणारा कर्मचारी, म्हणून तिथे नोकरीला लागला आणि २०११च्या सुरुवातीला पाच आठवडे लपवलेल्या कॅमेऱ्यानं चित्रण करत राहिला. त्यात काय होतं याचं सविस्तर वर्णन इथे करत नाही. चापट्या, केस ओढणं, खुर्चीखाली दाबून धरणं, कपड्यांसकट शॉवरखाली उभं करणं आणि मग ओल्या अंगानं बाहेरच्या थंडीत ठेवणं, इतकं पुरे. हे करणारे लपूनछपून करत नव्हते. एकमेकांसमोर, हसत खिदळत करत होते. म्हणजे तिथे ते रोजचंच होतं.

कार्यक्रम दाखवला गेला आणि तीन-साडेतीन आठवड्यांत, जून २०११ संपायच्या आत, रुग्णालयाला टाळं लागलं. साडेतीन वर्षांच्या नोंदींनी झालं नाही ते तासाभराच्या चित्रफितीनं झालं.

प्रत्येक सूचना कुठे थांबली

इथे जरा रेंगाळायला हवं. ‘यंत्रणा झोपली होती’ असं म्हणणं सोपं आहे आणि ते खरं नाही. यंत्रणा जागी होती, पण प्रत्येक खातं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होतं.

परिषदेकडच्या ४० सूचनांपैकी बहुतेक कर्मचाऱ्यानं रुग्णाला मारल्याच्या होत्या. उरलेल्यांतल्या बऱ्याच एका रुग्णानं दुसऱ्यावर हात उचलल्याच्या. प्रत्येक सूचना एक घटना म्हणून हाताळली गेली. अमुक तारखेला, अमुक रुग्ण, अमुक कर्मचारी. पुरावा आहे? नाही. साक्षीदार? दुसरा कर्मचारी, तो म्हणतो असं काही झालं नाही. रुग्णाचं म्हणणं? त्याला नीट सांगता येत नाही, आणि आलं तरी ‘त्याच्या आजाराचाच तो भाग आहे’ हे उत्तर तयार. फाइल बंद. पुढच्या महिन्यात नवी सूचना आली की पहिलीचा तिच्याशी संबंध नाही, कारण रुग्ण वेगळा आणि कर्मचारीही वेगळा.

त्यातून चौकशीचं काम बऱ्याचदा कासलबेकवरच सोपवलं गेलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात, तसं. कंपनीनं ‘आम्ही पाहिलं, शिस्तभंगाची कारवाई केली, प्रशिक्षण दिलं’ असं कळवलं की ते मानून घेतलं जाई. पुढे प्रशिक्षण झालं का, कारवाई झालेला माणूस त्याच वॉर्डवर पुन्हा ड्युटीवर आहे का, हे तपासायला कुणी गेलं नाही.

पोलिसांची खिडकी आणखी अरुंद. गुन्हा सिद्ध होईल का, एवढाच त्यांचा प्रश्न. सिद्ध होत नसेल तर प्रकरण मिटलं. आणि अपघात विभाग? तिथे रुग्ण येतो, सोबत गणवेशातला कर्मचारी असतो, तो सांगतो ‘फिट आली’, ‘स्वतःला इजा करून घेतली’. डॉक्टर टाके घालतात आणि परत पाठवतात. याच पत्त्यावरून ही कितवी खेप, हे संगणकात शोधायचं कुणाच्या मनात येणार? रात्रीच्या अपघात विभागात उभं राहिलेल्या माणसाला हे विचारणं थोडं अन्यायाचं आहे, कबूल. पण ज्याच्या टेबलावर महिन्याचा गोषवारा जातो त्याला विचारता येतं.

रुग्णांना जखडून धरण्याच्या नोंदी तर कंपनीनं स्वतःच ठेवल्या होत्या. २०१० या एका वर्षात ३७९ वेळा. २०११च्या पहिल्या तीन महिन्यांत १२९ वेळा. २४ खाटांच्या जागी रोज एकापेक्षा जास्त वेळा कुणाला तरी धरून दाबलं जात होतं आणि ते लेखी होतं. आकडा लिहिणाऱ्याला त्यात वावगं वाटलं नाही, वाचायला कुणी मागितला नाही.

भर म्हणून तो काळ खांदेपालटाचा होता. सीक्यूसी ही संस्था एप्रिल २००९ मध्ये तीन जुन्या संस्था एकत्र करून नव्यानं उभी राहिलेली. आरोग्यसेवेतली स्थानिक कार्यालयं बरखास्त होणार हे जाहीर झालेलं, त्यामुळे खुर्चीतला माणूस उद्या तिथे असेल की नाही याची खात्री नाही. अशा काळात आधी सुटतात ती खात्याखात्यांमधली जोडकामं.

आढावा आणि निकाल

साउथ ग्लॉस्टरशायरच्या प्रौढ सेफगार्डिंग बोर्डानं, म्हणजे परिषद, पोलीस आणि आरोग्यसेवा यांच्या एकत्रित स्थानिक मंडळानं, मार्गारेट फ्लिन यांच्याकडे आढावा सोपवला. त्या काळी याला ‘सीरियस केस रिव्ह्यू’ म्हणत. प्रौढांच्या बाबतीत असा आढावा घ्यायला कायद्याची सक्ती नव्हती. २०००च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांवर आणि स्थानिक मंडळींच्या शहाणपणावर सगळं चाले. ७ ऑगस्ट २०१२ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. या लेखातले बरेचसे आकडे जगाला त्या निमित्तानंच कळले.

अहवाल नुसता कर्मचाऱ्यांवर थांबत नाही. फ्लिन यांनी पैशाचा माग काढला : इतकी फी घेणाऱ्या ठिकाणी रुग्णांजवळ दिवसभर कोण असे? अपुरं प्रशिक्षण मिळालेले सपोर्ट वर्कर, बारा-बारा तासांच्या पाळीवर. रुग्णांना दिवसभर करायला काही नाही, बोलायला कुणी नाही. मग फी जाते कुठे? रुग्ण पाठवून ही सेवा विकत घेणाऱ्या कार्यालयांना आपण नेमकं काय विकत घेतलं हे ठाऊक नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. फ्लिन यांनी घरच्या लोकांचं म्हणणं अहवालात आणलं. एका रुग्णाला पाच महिन्यांत ४५ वेळा जखडून धरल्याचं त्यातूनच पुढे आलं.

फौजदारी बाजूला ११ कर्मचाऱ्यांनी पाच रुग्णांच्या छळाचे आणि हेळसांडीचे मिळून ३८ आरोप कबूल केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिस्टलच्या क्राउन कोर्टानं सहा जणांना तुरुंगात धाडलं, पाच जणांची शिक्षा स्थगित ठेवली. कंपनी आणि तिचे संचालक मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात आले नाहीत, कारण त्यांना तिथे आणायला कायद्यात जागाच नव्हती. लोकांना हे फार झोंबलं. पुढे २०१५च्या फौजदारी न्याय आणि न्यायालये कायद्यानं केअर पुरवणाऱ्या संस्थेलाही हेतुपुरस्सर हेळसांडीबद्दल गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली आणि त्याच सुमारास वेगळ्या नियमांनी, संचालकपदाला माणूस लायक आहे का, ही अट आली.

कलम ४४

केअर ॲक्ट २०१४ हा कायदा १ एप्रिल २०१५पासून लागू झाला, फक्त इंग्लंडमध्ये. वेल्स आणि स्कॉटलंड यांचे कायदे वेगळे. केअर ॲक्टमधली दोन कलमं लोक हमखास एकमेकांत मिसळतात.

कलम ४२ म्हणजे चौकशी. आज, आत्ता माणूस धोक्यात आहे, त्याला काळजीची आणि आधाराची गरज आहे आणि त्या गरजेमुळेच तो स्वतःचं रक्षण करू शकत नाही, तर परिषदेनं चौकशी केलीच पाहिजे. आग विझवायचं हे काम.

कलम ४४ म्हणजे आढावा, ‘सेफगार्डिंग ॲडल्ट्स रिव्ह्यू’. कामावरची मंडळी आद्याक्षरं जोडून ‘सार’ म्हणतात. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमसुलाचं सारच आठवलं. पण मराठीतला ‘निष्कर्ष’ हा अर्थ धरला तर शब्द अगदीच चुकीचा नाही.) आग विझल्यावर, बंब वेळेत का पोहोचले नाहीत हे पाहायचं हे काम. बोर्डानं आढावा घेतलाच पाहिजे अशी परिस्थिती दोन गोष्टी जुळल्यावर येते. एक, माणूस छळामुळे किंवा हेळसांडीमुळे दगावला असा बोर्डाला संशय आहे, किंवा तो जिवंत आहे पण गंभीर छळ किंवा हेळसांड त्यानं सोसली आहे. दोन, निरनिराळ्या संस्थांनी मिळून जसं काम केलं त्याबद्दल काळजी वाटावी असं रास्त कारण आहे. याखेरीज सक्ती नसतानाही बोर्ड स्वतःच्या मर्जीनं आढावा घेऊ शकतं, तशी मुभा त्याच कलमात आहे.

‘गंभीर’ म्हणजे किती? सरकारी मार्गदर्शनानुसार, कुणी मध्ये पडलं नसतं तर जीव गेला असता, किंवा कायमची इजा झाली, किंवा माणसाची क्षमता अथवा जगण्याचा दर्जा खालावला, तर ते गंभीर.

आता विंटरबोर्न व्ह्यूला ही कसोटी लावून बघा. ‘पॅनोरमा’नं दाखवलं त्यात कुणाचा मृत्यू नव्हता. तेव्हा पहिली अट दुसऱ्या वाटेनं पूर्ण करावी लागेल, म्हणजे ‘जिवंत, पण गंभीर छळ’. आणि इथेच गोची होते. ४० सूचनांपैकी एकेक उचलून विचारलं, ‘ही गंभीर आहे का?’ तर बऱ्याच सूचनांचं उत्तर येईल, ‘नाही, एक चापट होती.’ ४० वेळा ‘नाही’ म्हणून ४० फाइली पुन्हा बंद. चापट लहान असेल, पण त्याच माणसानं १९ महिने रोज तिची धास्ती घेऊन जगायचं, हे जगण्याचा दर्जा खालावणं नाही तर काय?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अशा जागेबद्दल आढावा मागताना घटना मोजून पाठवायची नसते, माणूस आणि काळ पाठवायचा असतो. कलमाची भाषा ‘एखादा प्रौढ’ अशी आहे, तर अर्जात दोन-तीन माणसं नेमकी घ्या आणि त्यांच्या वाट्याला महिनोन्महिने काय आलं ते मांडा. जागेचं चित्र त्यातून आपोआप उभं राहतं.

अर्ज कसा दिसला असता

समजा, हा कायदा तेव्हा असता आणि परिषदेतल्याच एखाद्या सोशल वर्करनं मे २०११च्या सुरुवातीला अर्ज लिहायला घेतला असता. त्याच्या हातात काय होतं? फक्त परिषदेची वही. पोलिसांचे २९ आणि अपघात विभागाच्या खेपा त्याला ठाऊक नव्हत्या. तरी एवढं लिहिता आलं असतं :

‘जानेवारी २००८पासून या एका पत्त्याबद्दल आमच्याकडे ४० सूचना आल्या आहेत. बहुसंख्य सूचना कर्मचाऱ्यांनी रुग्णांवर हात टाकल्याच्या आहेत. अनेकांची चौकशी संस्थेनं स्वतःच केली आणि निष्कर्ष आम्ही पडताळले नाहीत. ऑक्टोबर २०१०मध्ये तिथल्या वरिष्ठ नर्सनं लेखी तक्रार केली, तिच्यावर बैठक व्हायला काही महिने गेले. नियामकाला ती तक्रार ठाऊक आहे. रुग्णांना निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या कार्यालयांनी पाठवलं आहे, त्यांच्यात या सूचनांची देवाणघेवाण झाल्याचं आमच्या नोंदींत दिसत नाही. पोलीस, अपघात विभाग आणि रुग्णालयाला भेट देणारे डॉक्टर यांच्याकडे काय नोंदी आहेत हे आम्हाला माहीत नाही. त्या मागवाव्यात.’

शेवटची दोन वाक्यं मोलाची आहेत. अर्ज करणाऱ्याकडे पूर्ण चित्र असावं अशी कुणाची अपेक्षा नसते. आपल्या हातातला तुकडा द्यायचा आणि बाकीचे तुकडे कुणाकडे असू शकतात ती नावं द्यायची. उरलेलं गोळा करायला कलम ४५ आहे. त्याखाली बोर्ड माहिती मागतं तेव्हा ‘आमच्याकडचं गोपनीय आहे’ म्हणून हात वर करायला फारशी जागा राहत नाही.

दुसरं म्हणजे, यात दोषारोप एकही नाही. ‘अमुक व्यवस्थापक खोटारडा आहे’ असं सोशल वर्करला वाटत असेलही. ते आढाव्याचं काम नव्हे. शिक्षेसाठी पोलीस आणि कोर्ट, नोकरीतल्या शिस्तीसाठी मालक, नर्सच्या परवान्यासाठी त्यांची नियामक संस्था, मृत्यूच्या कारणासाठी कॉरोनर. आढावा फक्त एवढंच विचारतो : एवढी माणसं, एवढी खाती असताना हे घडत कसं राहिलं? ‘पडताळले नाहीत’ हे वाक्य स्वतःच्या खात्याविरुद्धच जातं. ते लिहायला धैर्य लागतं. पण ज्या अर्जात स्वतःच्या खात्याबद्दल एकही अवघड वाक्य नसतं, तो वाचणाऱ्यालाही पटत नाही.

पोलीस तपास चालू आहे म्हणून थांबायचं का? अर्ज थांबवायचा नाही. तपासाला बाधा येऊ नये म्हणून आढाव्याचा काही भाग बोर्ड मागेपुढे करू शकतं, तो निर्णय त्यांचा. आढावा सुरू केल्यावर सहा महिन्यांत संपवावा असं मार्गदर्शन आहे, चांगलं कारण असेल तर उशीर चालतो. व्यवहारात चांगली कारणं बरीच निघतात, हा भाग वेगळा.

आणि बहुतेक ठिकाणी अर्ज करायला पद लागत नाही. मुलगी करू शकते, शेजारी करू शकतो, केअर होममध्ये रात्रपाळी करणारी बाई करू शकते. प्रौढांच्या काळजीची जबाबदारी असलेल्या प्रत्येक परिषदेच्या क्षेत्रात बोर्ड असतं आणि त्याचा अर्ज बहुधा त्याच्या संकेतस्थळावर मिळतो. नकार आला तर कारणं लेखी मागा. ‘निकषात बसत नाही’ एवढंच उत्तर आलं तर कोणत्या निकषात आणि का नाही, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

सगळीच प्रकरणं विंटरबोर्न व्ह्यूसारखी कॅमेऱ्यात पकडली जाणारी नसतात, हेही सांगायला हवं. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांतले इंग्लंडमधले २३१ आढावे अभ्यासले गेले तेव्हा सर्वात जास्त वेळा पुढे आलेला प्रकार कुणी मारहाण केल्याचा नव्हता. माणसानं स्वतःकडेच पाठ फिरवल्याचा होता : खाणं सोडलेलं, घर कचऱ्यानं भरलेलं, दार वाजवलं तर ‘मी ठीक आहे’. आणि बाहेर उभा असलेला प्रत्येक जण तेवढं ऐकून परत गेलेला. तिथेही गाडं अडतं ते बेरजेपाशीच.

आपली माणसं

२०२२पासून भारतातून बरेच जण केअर वर्करच्या व्हिसावर इंग्लंडला गेले, त्यात मराठी मुलं-मुली आहेत. २०२५च्या जुलैत ही वाट नव्या लोकांसाठी बंद झाली, पण गेलेले तिथेच आहेत. त्यांच्या व्हिसाची दोरी मालकाच्या हातात असते. टेरी ब्रायन यांना नोकरी सोडता आली. ज्याच्या डोक्यावर गावाकडचं कर्ज आहे आणि नोकरी गेली की देश सोडावा लागण्याची टांगती तलवार आहे, त्यानं वरिष्ठाविरुद्ध ई-मेल लिहावा असं सांगणं घरबसल्या सोपं आहे. तरी एवढं माहीत असावं : १९९८चा एक कायदा जनहितार्थ माहिती देणाऱ्या नोकरदाराला संरक्षण देतो आणि सीक्यूसीकडे थेट सांगणं त्या संरक्षणात बसतं. आणि सांगायच्या आधी, आजपासूनच, तारीख-वेळ-काय पाहिलं एवढं लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त रुग्णांची नावं आणि कागद कामाबाहेर नेऊ नका, उलट तेच अंगाशी येतं.

इकडे महाराष्ट्रात हे कुठे बसतं, असाही प्रश्न येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ७ सांगतं की दिव्यांग व्यक्तीचा छळ होतोय असं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. ज्येष्ठांसाठी २००७चा कायदा आणि उपविभागीय पातळीवरचं न्यायाधिकरण आहे. दोन्ही वाटा तक्रारीच्या आहेत, म्हणजे कलम ४२च्या जवळच्या. पोलीस, समाजकल्याण, सरकारी दवाखाना या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून ‘आपण मिळून कुठे चुकलो’ असं विचारायला लावणारी तरतूद या दोन्हींत नाही.

व्हॉर्लटन हॉल

विंटरबोर्न व्ह्यूनंतर सरकारनं डिसेंबर २०१२ मध्ये मोठा कार्यक्रम जाहीर केला. अशा रुग्णालयांत विनाकारण अडकलेल्या सगळ्यांना १ जून २०१४पर्यंत समाजात, घराजवळ आणायचं. तारीख आली आणि गेली, माणसं बरीचशी तिथेच.

२०१९च्या मे महिन्यात ‘पॅनोरमा’नं पुन्हा एक चित्रण दाखवलं, काउंटी डरहममधल्या व्हॉर्लटन हॉलचं. पुन्हा बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेले प्रौढ, पुन्हा सपोर्ट वर्कर म्हणून आत शिरलेली वार्ताहर, पुन्हा तीच डिवचाडिवची. २०१५ मध्येच सीक्यूसीच्या एका निरीक्षकानं तिथल्या त्रुटींबद्दल अहवाल लिहिला होता. तो त्या वेळी प्रसिद्धच झाला नाही.

चित्रणाच्या वेळी व्हॉर्लटन हॉल सिग्नेट या कंपनीकडे होतं. त्यांनी ते डॅनशेलकडून घेतलं होतं. आणि २०१३ मध्ये बुडीत निघालेल्या कासलबेकचा कारभार विकत घेणारी कंपनी हीच, डॅनशेल.